बिडीसारखा धरलेला पेन

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर असलेला सहादू पुंजा विधाते सही करताना डावा हात कागदापुढे आडवा धरायचा. रजेचा अर्ज असो, स्टोअरमधून कानस घेतल्याची चिठ्ठी असो, नाहीतर मुलीचं प्रगतिपुस्तक असो, आधी डावा पंजा कुंपणासारखा उभा राहायचा आणि मग त्याच्या आडोशाने उजवा हात कामाला लागायचा. नव्या माणसाला वाटे, आपली सही कुणी चोरू नये म्हणून हा गडी जपतोय. सहीत चोरण्यासारखं काही नव्हतं. सहादू लपवत होता ती बोटं.

त्याचा पेन अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत नसायचा. पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात असायचा, शिलगावलेल्या बिडीसारखा, आणि अंगठा मागून त्याला रेटत राहायचा. अक्षर बरं यायचं. पण अक्षर बघायला कोण बसलंय? लोकांना बोटं दिसतात आणि बोटं दिसली की बोलायला तोंड फुटतं.

ही पकड त्याला मिळाली मखमलाबादच्या मळ्यात. बाप पुंजा झेंडू आणि शेवंती लावायचा. दसऱ्याच्या आधीचे चार दिवस घरात कुणाला पाठ टेकायला मिळत नसे. फुलांचे ढीग आणि हारांची वेटोळी. सहा वर्षांच्या सहादूच्या हाती बापाने दाभण दिला आणि तो दोन बोटांत कसा धरायचा ते दाखवलं, म्हणजे अंगठा मोकळा राहतो आणि टोचलेलं फूल झटक्यात मागे सारता येतं. पोरगा आठवड्यात आईच्या बरोबरीने हार ओवू लागला. पुढच्या वर्षी शाळेत गुरुजींनी पेन्सिल दिली. बारीक, लांब, टोकदार वस्तू हातात आल्यावर सहादूने ती जशी धरायची तशीच धरली.

"शाळेत बिड्या फुंकायला आला का रे?" गुरुजी म्हणाले आणि त्यांनी पट्टी उगारली. वर्ग खदखदून हसला. गुरुजी मधल्या सुटीत शाळेच्या मागे जाऊन रोज दोन बिड्या ओढत आणि अगदी याच दोन बोटांत धरून ओढत, हे वर्गातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. पण त्यावर कुणाला हसू आलं नाही. चार वर्षं पट्टी चालली, पकड काही सुटली नाही. सुटली ती चारचौघांत लिहायची हिंमत.

पुढे तो आयटीआय झाला, कारखान्यात लागला, आणि तिथे या बोटांचं नशीब उघडलं. मशीनच्या ज्या ओतीव पाटावर सगळा डोलारा सरकतो तो पाट सपाट करायचं शेवटचं काम हातानेच करावं लागतं. त्याला स्क्रेपर लागतो, म्हणजे लांब दांड्याचं, चपट्या धारेचं हत्यार. पाटाला निळा रंग लावायचा, उंचवटा कुठे आहे ते बघायचं आणि स्क्रेपर रेटून तेवढाच उंचवटा खरवडायचा, कागदाहून पातळ. प्रत्येक रेट्याला लोखंडावर एक चंद्रकोर उमटते. सहादू स्क्रेपरसुद्धा आपल्याच पद्धतीने धरायचा, दांड्याचं टोक दोन बोटांच्या मध्ये आणि मागून अंगठा. फोरमनने सुरुवातीला शिव्या घातल्या. मग मापं घेतली आणि गप्प बसला. कारखान्यात सगळ्यांच्या चंद्रकोरी डावीकडे कलायच्या, एकट्या सहादूच्या उजवीकडे.

चौऱ्याण्णव साली जपानहून एक मोठं ग्राइंडिंग मशीन आलं. लाकडी खोकं फोडलं, सहादूने पाटावरचं ग्रीस पुसलं आणि तो तिथेच उकिडवा बसला तो उठेना. फोरमनला वाटलं, एखादा भाग फुटून आला.

"काय रे, काय गेलं?"

"गेलं काय नाय," सहादू म्हणाला. "ह्या बघा ना कोरी. उजवीकडं हायेत."

फोरमनने बघितलं, "बरं मग?" म्हणाला आणि चहाला गेला. सहादूने घरी जाऊन बायकोला सांगितलं. नवसाबाई चांदवडची, कांदे निवडता निवडता लहानाची मोठी झालेली. तिला हाताचं काम कळत होतं.

"तिकडं कोनीतरी हाय नवसा, माझ्यासारखं धरनारं," तो म्हणाला. "त्या मानसाचा हात बघायचाय मला एकदा. बस."

"बघा की मंग," ती म्हणाली, जणू जपान म्हणजे पंचवटीच्या पलीकडे. पण तिने ते मनात ठेवलं.

तीन वर्षांनी संधी आली. जपानी कंपनीने इथल्या कारखान्याशी करार केला आणि कळवलं की तुमचा एक फिटर तीन महिने आमच्याकडे शिकायला पाठवा. त्याआधी नोव्हेंबरात आमचे एक साहेब येऊन तुमचा कारखाना बघतील. निरोप आला आणि फिटर शॉपमधल्या बाकीच्या अकराही जणांनी सहादूकडे बघितलं. हे सरळ होतं. पण सरळ गोष्ट सरळ होऊ दिली तर पर्सोनेल खातं कशासाठी ठेवलंय?

त्या खात्याचे कुंदन साहेब नुकतेच पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात तीन दिवसांचं शिबिर करून आले होते. त्यांनी निवडीचा तक्ताच काढला. एकूण गुण शंभर. भोजनाचे शिष्टाचार चाळीस, संभाषण तीस, पेहराव वीस आणि कामातलं कौशल्य दहा.

"कौशल्य सगळ्यांकडे असतंच हो," ते बैठकीत म्हणाले. "परदेशात माणूस कसा जेवतो त्यावर कंपनीची इमेज ठरते."

शिष्टाचार शिकवायला गंगापूर रोडवरून दिशा मॅडम आल्या. त्या कॉलेज रोडच्या मुलींना मुलाखतीत पायावर पाय कसा टाकायचा ते शिकवत. जपानला त्या गेल्या नव्हत्या. सिंगापूरला चार दिवस राहून आल्या होत्या आणि ते जपानच्या वाटेवरच आहे असं त्यांचं म्हणणं होतं. कँटीनमध्ये पांढरी चादर अंथरली आणि बारा फिटर नॅपकिन मांडीवर घेऊन बसले, दाढी करायला बसल्यासारखे.

पहिला आठवडा काट्या-सुरीचा. पोळीला काटा टोचून सुरीने कापायची आणि मग तो तुकडा त्याच काट्याने भाजीत बुडवायचा. पोळी कापली जाईना, ताट मात्र सरकत शेजाऱ्याकडे जायचं. "हाताने जेवायची वेळ आली तर अन्न बोटांच्या दुसऱ्या पेरापलीकडे जाता कामा नये," मॅडम म्हणाल्या. सहादूने आपल्या पंजाकडे बघितलं. घरी तो भाकरी रश्शात कुस्करून काला करायचा आणि काला असा मनगटाला विचारूनच पोटात जायचा. त्याची आई दोन हातांनी भाकरी मोडायची, तर नवसाबाई एकाच हाताने मोडायची, आणि त्यावरून पहिल्या वर्षी सासू-सुनेचं चांगलंच वाजलं होतं. म्हणजे मखमलाबाद ते चांदवड एवढ्यातच धरण्याची तऱ्हा बदलत होती, आणि मॅडम सगळ्या जगाला एका पेरात बसवत होत्या.

दुसऱ्या आठवड्यात जपानी लोक जेवतात त्या काड्या आल्या. मॅडमनी स्वतःच्या हातात धरून दाखवल्या.

"अगदी सोपं आहे. खालची काडी स्थिर. वरची काडी आपण पेन धरतो ना, तशी धरायची."

अकरा जणांनी पेन धरतात तशी काडी धरली. सहादूनेही पेन धरतात तशीच धरली. मॅडम एकेकाचं बघत त्याच्यापाशी आल्या आणि थांबल्या.

"हे काय? मी काय सांगितलं?"

"पेन धरता तशी धरा, म्हनले तुम्ही."

"मग?"

"मंग मी पेन असाच धरतो, मॅडम."

पुन्हा वर्ग हसला. तीस वर्षांपूर्वीचा वर्ग वेगळा होता, हसणं तेच होतं. मॅडमनी वहीत लिहिलं, 'पकड अयोग्य', आणि त्या पुढे गेल्या. सहादूचे कान लाल झाले. त्याच्या शेजारी बसलेला संतोष, अठ्ठावीस वर्षांचा, हुशार, देवळ्याकडचा, त्याची पकड मात्र इतकी सुरेख की मॅडमनी तिचा फोटो काढला. संतोषला स्क्रेपर धरायला सहादूनेच शिकवलं होतं, आणि शिकवताना बजावलं होतं की माझ्यासारखा धरू नको.

घरी सराव सुरू झाला. पुष्पगुच्छाच्या कामट्या तासून नवसाबाईने दोन जोड्या केल्या, परातीत शेंगदाणे ओतले आणि नवरा-बायको समोरासमोर बसले. नवसाबाईने पहिल्याच दमात सात शेंगदाणे उचलले. सहादूने धरलेले तिन्ही पळाले.

"अवो, पन ते लोक पिठलं कसं खात आसतीन काडीनं?" तिने विचारलं.

"पिठलं नसतं तिकडं."

"आन मंग तुम्ही तीन महिने काय खानार?"

सहादूने पळालेला शेंगदाणा हाताने उचलून तोंडात टाकला. आठ दिवसांनी त्याने मॅडमची पद्धत सोडली आणि आपल्या पद्धतीने दोन्ही काड्या बेचक्यात घालून अंगठ्याने दाबून बघितल्या. शेंगदाणा उचलला गेला. दुसराही. मग त्याने तांदळाचा एकेक दाणा उचलला. दिसायला ते विचित्र होतं, पण सांडत काही नव्हतं. मॅडमच्या वहीत दिसण्याचे गुण होते, सांडण्याचे नव्हते.

पाहुणे यायला चार दिवस उरले आणि कळलं की मुंबईहून मागवलेल्या काड्या येत नाहीत. कुंदन साहेब घाबरले, मग त्यांच्या डोक्यात वीज चमकली. आपण सूक्ष्म कामाचा कारखाना! काड्या आपणच करू, स्टेनलेस स्टीलच्या. पाहुण्याला जेवणाच्या टेबलावरच आपलं काम दिसेल. ड्रॉइंग निघालं, लेथवर बार चढले, चोवीस जोड्या तयार झाल्या. जाडीत केसाइतका फरक नाही. मग बफिंगला गेल्या आणि अशा उजळून आल्या की काडीत बघून भांग पाडावा.

सहादूने एक काडी बोटात फिरवून बघितली आणि साहेबांना सांगितलं, "साहेब, टोकाला बारीक खाचा मारू द्या. दहा मिन्टाचं काम हाय. नायतर घास ठरनार नाय हिच्यात."

"खाचा?" साहेब म्हणाले. "एवढं फिनिश आणलंय आणि त्याला ओरखडे काढायचे? सहादू, तुम्हाला इमेज कळत नाही."

सहादू परत जागेवर गेला. जाता जाता त्याने जाड दाण्याच्या पॉलिश पेपरचा एक तुकडा फाडून खिशात टाकला. फिटरच्या खिशात तो असतोच.

हिरानो साहेब आले. पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, सारखे वाकून नमस्कार करणारे. बरोबर पुण्याची दुभाषी मुलगी होती. टेबलाच्या एका टोकाला जनरल मॅनेजर, कुंदन साहेब, दिशा मॅडम. दुसऱ्या टोकाला दाखवण्यासाठी आणलेले दोन उमेदवार, संतोष आणि सहादू. जेवणात पनीर, बटाट्याच्या फोडी, भात आणि शेवटी गुलाबजाम.

पुढे जे झालं ते कारखान्यात पुढची दहा वर्षं सांगितलं गेलं. जनरल मॅनेजरांनी पनीरचा तुकडा धरला आणि तो दुभाषी मुलीच्या पाण्याच्या ग्लासात पडला. दिशा मॅडमच्या काड्यांतून बटाटा तिसऱ्यांदा निसटला तेव्हा त्यांनी पोट भरल्याचं जाहीर केलं. संतोषची पकड फोटोतल्यासारखी होती आणि ताट वाढलं होतं तसंच होतं. हिरानो साहेब बिचारे सभ्य माणूस. त्यांना वाटलं, या देशात काड्या अशाच असतात आणि जेवण म्हणजे काही उपवासाचा प्रकार असावा. ते हसत हसत पनीरच्या मागे ताटभर फिरत होते.

सहादूला बघवेना. पाहुणा उपाशी बसलाय आणि आपल्या खिशात इलाज आहे, ही गोष्ट त्याच्या जिवाला लागली. त्याने पॉलिश पेपर काढला, आपल्या काड्यांची टोकं त्यात धरून खसाखसा पाच-सहा वेळा ओढली, नॅपकिनला पुसली आणि उठून त्या हिरानो साहेबांपुढे ठेवल्या. कुंदन साहेबांनी डोळे मिटले.

हिरानो साहेबांनी टोकावर बोट फिरवलं. पनीर उचललं. ते उचललं गेलं, तोंडापर्यंत आलं आणि आत गेलं. सगळ्या टेबलाने सुस्कारा सोडला. आणि मग सहादूला दिसलं की साहेबांच्या काड्या मध्येच एकमेकींना फुली मारून जाताहेत, कात्रीसारख्या. मॅडमनी काड्यांच्या पहिल्याच दिवशी फळ्यावर काढून लाल खडूने खोडलेली ती पकड होती.

"मॅडम, ह्यांचे किती मार्क?" सहादूने हळूच विचारलं. मॅडमना ऐकू आलं नाही, किंवा आलं.

सगळे आपल्या बोटांकडे बघताहेत हे साहेबांच्या लक्षात आलं. ते काहीतरी बोलले आणि दुभाषी मुलगी हसली. "साहेब म्हणतात, त्यांची आई ऐंशी वर्षांची आहे. अजून रोज ओरडते, काड्या नीट धर म्हणून."

जेवण झाल्यावर फिटर शॉप दाखवलं. हिरानो साहेब सहादूच्या कामापाशी थांबले, पाटावरच्या चंद्रकोरींकडे बघितलं आणि एकदम काहीतरी विचारलं. या कोरी कुणाच्या? सहादूने छातीला हात लावला, मग त्यांना ओढतच जपानी मशीनकडे नेलं आणि पाटाकडे बोट दाखवलं.

"त्यांना इचारा, ह्या कोनाच्या हायेत. तीन वर्सं झाले, मला ह्या मानसाला भेटायचंय."

उत्तर लांबलचक आलं. ओकुदा नावाचा म्हातारा कारागीर आहे. तो हत्यार चुकीचं धरतो. शॉपच्या भिंतीवर योग्य पकडीचं चित्र लावलंय, ते त्याच्यासाठीच लावलंय असं सगळे म्हणतात. त्याने वीस वर्षांत त्या चित्राकडे बघितलेलं नाही. मार्चअखेर तो निवृत्त होतो आणि लांब, उत्तरेकडे, मुलीच्या गावी जातो.

सहादूने बोटांवर मोजलं. प्रशिक्षण जानेवारी ते मार्च. म्हणजे आत्ता गेलो तर भेट, नाहीतर कधीच नाही.

निकाल डिसेंबरात लागला. संतोष ब्याण्णव, सहादू अठ्ठेचाळीस. कौशल्यात सहादूला दहापैकी दहा होते. सहादू आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता पर्सोनेलच्या काचेच्या केबिनमध्ये शिरला.

"साहेब, त्या पाव्हन्याला जेवू कोनी घातलं?"

"सहादू, तो प्रसंग आपण विसरलेलाच बरा."

"त्यांना माझं काम पटलं व्हतं. त्यांना इचारा."

"विचारलं," साहेबांनी फॅक्स पुढे केला. "ते म्हणतात, तुम्ही ज्यांना पाठवाल त्यांचं स्वागत आहे. म्हणजे त्यांचा आग्रह नाही. तक्ता स्पष्ट आहे. शिष्टाचारात तुम्हाला चाळीसपैकी चार आहेत हो!"

"मला तिकडं जेवायला जायचं नाय, साहेब," सहादू म्हणाला. "मला एका मानसाला भेटायचंय. तो मार्चात निघून चाललाय."

कुंदन साहेब वाईट नव्हते. त्यांना खरोखर वाईट वाटलं आणि त्यांनी सहादूला बसायला सांगून चहा मागवला. पण तक्ता त्यांनी स्वतः केला होता, आणि स्वतः केलेला तक्ता मोडायचा म्हणजे शिबिराचे तीन दिवस पाण्यात. सहादूने चहा घेतला नाही.

जायच्या आदल्या दिवशी संतोष घरी आला. मान खाली.

"नाना, मी नाही म्हणून सांगून बघितलं. साहेब म्हटले, मग कुणीच जायचं नाही."

"तू कशाला नाय म्हनतो? जाय," सहादू म्हणाला. राग होता, पण तो या पोरावर काढायचा नव्हता एवढं त्याला कळत होतं. त्याने कपाटातून फडक्यात बांधलेली एक वस्तू काढली. तळहाताएवढा ओतीव लोखंडाचा तुकडा, आणि त्यावर काठापासून काठापर्यंत उजवीकडे कललेल्या चंद्रकोरी. महिनाभर तो काम सुटल्यावर थांबून हेच करत होता. "हे त्या म्हाताऱ्याला दे. काय बोलू नको. त्याला कळंल."

नवसाबाईने संतोषला शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि आत जाऊन डोळे पुसले.

एप्रिलात संतोष परत आला. तीन महिन्यांत त्याचं वजन वाढलं होतं. फिटर शॉपमध्ये सगळे जमले आणि पहिला प्रश्न अर्थातच जेवणाचा.

"जेवण?" संतोष म्हणाला. "कँटीनमध्ये पहिल्याच दिवशी मला चमचा दिला. परदेशी माणसाला चमचाच देतात. तीन महिन्यांत काडी हातात नाही घेतली मी."

"आन म्हातारा?"

"तो कँटीनला येतच नव्हता, नाना. घरून डबा आणायचा. भाताचे गोळे. मशीनशेजारी बसून हातानं खायचा, असा पूर्ण पंजानं."

शॉपमध्ये हशा पिकला. सहादू हसला नाही. तो वाट बघत होता.

"तुकडा दिला मी. त्यानं चष्मा लावला, उजेडात धरला, अंगठा फिरवला. मग पुन्हा पहिल्यापासून एकेक कोर बघत बसला. दुभाषी नव्हता, तर मी असं करून दाखवलं," संतोषने दोन बोटांच्या बेचक्यात पेन धरला. "तर तो उठला आणि मला चक्क मिठीच मारली. तिथं कुणी कुणाला मिठी मारत नाही, नाना. सगळे बघत राहिले. शेवटच्या दिवशी घरी जाताना हे दिलं. मला नाही, तुम्हाला."

कागदात गुंडाळलेला स्क्रेपर होता. पातं झिजून निम्मं झालेलं, दांडा हाताच्या घामाने काळा पडलेला. दांड्याच्या टोकाशी लाकूड एका जागी खोल झिजलं होतं, आणि ती जागा दांडा नेहमी जिथे झिजतो तिथे नव्हती. सहादूने तो उचलला, दोन बोटांच्या मध्ये घेतला, अंगठा मागे नेला. अंगठा त्या खळग्यात जाऊन बसला. ना तसूभर पुढे, ना मागे. पन्नास वर्षं एका अनोळखी माणसाच्या अंगठ्याने कोरलेली ती जागा सहादूच्या मापाची होती. अकराजणांच्या देखत तो ढसाढसा रडला आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

पुढे सात वर्षं त्याने दुसरा स्क्रेपर हातात घेतला नाही.

दोन हजार पाच साली कारखान्याला पंचवीस वर्षं झाली. कुंदन साहेब आता जनरल मॅनेजर होते. त्यांनी स्वागतकक्षात काचेचं कपाट केलं, 'कौशल्याचा वारसा' अशी पाटी लावली आणि त्यात मधोमध जपानी उस्तादाचा स्क्रेपर ठेवायचं ठरवलं. शेजारी संतोषने काड्या धरल्याचा जुना फोटो लागलाच होता. सहादूला बोलावलं. टाइप केलेलं पत्र तयार होतं, 'मी हे हत्यार स्वखुशीने कंपनीस भेट देत आहे', खाली सहीची जागा. फोटोग्राफर होता, हार होता, दिशा मॅडमही पाहुण्या म्हणून आल्या होत्या.

सहादूने पत्र दोनदा वाचलं.

"कपाटात ठेवल्यावर ते चालवायचं कोनी?"

"चालवायचं नाही हो, बघायचं. इमेज असते."

सहादूने टेबलावरचा पेन उचलला. फोटोग्राफर पुढे सरसावला, कॅमेऱ्यातून बघितलं आणि थबकला.

"काका, एक मिनिट. फोटो येतोय. पेन जरा नीट धरा ना."

सगळ्यांच्या नजरा त्या बोटांवर गेल्या. मॅडमच्या, साहेबांच्या, संतोषच्या. सवयीने सहादूचा डावा हात टेबलावरून उचलला गेला, कागदापुढे आडवा यायला निघाला, आणि मध्येच थांबला. मग तो त्याने उचलून पाठीमागे नेला.

"नीटच धरलाय," तो म्हणाला.

'देत आहे' यातलं 'आहे' त्याने खोडलं, त्यावर 'नाही' लिहिलं, खाली सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी पूर्ण सही केली, सहादू पुंजा विधाते, आणि पेन टोपण लावून साहेबांच्या हातात दिला. अडीच वाजत आले होते, एक पाट निम्मा राहिला होता, म्हणून तो शॉपमध्ये परत गेला.